फायरमन सॅम दाखवायचा तर आवाज बंद करून

माझा भाचा ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला असतो. दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला तो नागपुरात होता. माझ्या नातवासाठी लाकडी बैल त्यानं इथेच इतवारीत घेतला, पण बॅगेतून तिकडच्या सात डीव्हीडीही काढल्या. सगळ्या फायरमन सॅमच्या, म्हणजे सॅम नावाच्या अग्निशामकावरच्या लहान मुलांच्या मालिकेच्या. जुन्या वस्तूंच्या दुकानात स्वस्तात मिळाल्या म्हणाला.

मी महालात एकतीस वर्षं बालवाडी घेतली. आता ती बंद आहे, तरी वाड्यातली आणि समोरच्या गल्लीतली पोट्टी रविवारी सकाळी ओसरीवर जमतातच. तेव्हापासून दर रविवारी एक भाग, असं चाललं आहे. नुसता लावून दिला तर मूल दहा मिनिटं गप्प बसतं, याहून जास्त काही होत नाही. मन लावून दाखवला तर धूर दिसल्यावर काय करायचं, हे मुलाच्या अंगात भिनतं. हे कसं करायचं ते सांगते. घरात तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर वाचा.

आधी प्लेअरचं सांगते, कारण तिथेच गाडी अडते. डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी यासाठी एक आकडा ठरलेला असतो, त्याला रीजन म्हणतात. ब्रिटनमधल्या डीव्हीडीवर बहुधा रीजन २ असतो आणि भारतात विकल्या जाणाऱ्या प्लेअरमध्ये रीजन ५. प्लेअर हा आकडा तपासतो, आणि जुळला नाही की डिस्क चालवत नाही. आमच्या प्लेअरनं पहिल्या दिवशी डिस्क नाकारली आणि नातवानं रडून वाडा डोक्यावर घेतला. डिस्क चांगली होती. सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीवाल्या भाऊंनी रिमोटवरून सेटिंग बदलून तो सगळ्या रीजनसाठी मोकळा करून दिला. पुष्कळ साध्या प्लेअरमध्ये ही सोय असते. म्हणून प्लेअर घेताना ‘ऑल रीजन आहे का’ असं विचारा, आणि आपली डिस्क सोबत नेऊन दुकानातच लावून पाहा. कॉम्प्युटरवर पाहणार असाल तर एक लक्षात ठेवा: बहुतेक ड्राइव्हमध्ये रीजन पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायम राहतो. चित्राची अडचण येत नाही, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे टीव्हीची पद्धत पालच आहे.

डिस्क कडेनंच धरायची. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की चरा डिस्कच्या रेषेबरोबर जातो आणि चित्र अडकतं. उन्हाळ्यात डिस्क पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत राहू देऊ नका. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन प्लॅस्टिकला वाकवतं. माझी एक डिस्क तशीच गेली.

मोबाइलवर हे सगळं मिळत असताना डिस्कची खटपट कशाला, असं माझी सून विचारते. डिस्क संपते, म्हणून. भाग संपला की पडद्यावर मेन्यू येतो आणि तसाच थांबतो. दुसरा भाग आपोआप सुरू होत नाही. फक्त मेन्यूतलं ‘सगळे भाग लावा’ हे बटण कधीच दाबायचं नाही.

आता सॅम कोणता घ्यायचा ते. केंटमधल्या दोन माजी अग्निशामकांना ही कल्पना सुचली, डेव्ह गिंगेल आणि डेव्ह जोन्स यांना. रॉब ली या चित्रकारानं तिला आकार दिला. जुनी मालिका १९८७ ते १९९४ या काळातली. तिच्यात बाहुल्या आहेत, एकेक हालचाल हातानं बदलून चित्रित केलेल्या. २००५ मध्ये पुन्हा बाहुल्यांचीच नवी मालिका आली आणि २००८ पासून कॉम्प्युटरवरची. कॉम्प्युटरवरच्या भागांत हेलिकॉप्टर, बोटी, डोंगरावरची सुटका, धावपळ जास्त. साडेपाच-सहाच्या मुलांना ती आवडते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मात्र मी जुनीच लावते. तिच्यात दुकानदारीणबाई काउंटरवरून वाकून बोलतात, बसवाला ट्रेव्हर बस पुसतो, कोणालाच घाई नसते. एवढ्या वेळात मुलाला दिसतं की स्टोव्हवर कापड लोंबतं आहे. धावत्या चित्रात ते दिसतच नाही.

गावाचं नाव पॉण्टीपॅण्डी. असं गाव नाही. वेल्समधल्या पॉण्टीप्रिड आणि टॉनीपॅण्डी या दोन खऱ्या गावांची नावं जोडून ते केलं आहे. दोन्ही कोळशाच्या खाणींच्या मुलखातली. आमच्याकडे उमरेडच्या खाणीत काम केलेले एक आजोबा शेजारी राहतात, त्यांना हे सांगितलं तेव्हापासून तेही रविवारी खुर्ची घेऊन येतात.

आवाज बंद करा

सगळ्यात महत्त्वाचं हेच. पहिले दोन रविवार मी इंग्रजी आवाजातच लावलं. पोट्टी पाहत होती, पण सॅम काय म्हणाला हे एकालाही सांगता येईना. तिसऱ्या रविवारी मी आवाज बंद केला आणि स्वतः बोलायला लागले.

ही मालिका आधी वेल्श भाषेत आली, इंग्रजीत नंतर. १९८७ मध्ये एसफोरसी या वेल्श वाहिनीवर तिचं नाव होतं ‘सॅम टान’. टान म्हणजे आग. तिथल्या लहान मुलांनी सॅमला आपल्या घरच्या भाषेत आधी ऐकलं. मग आमच्या पोट्ट्यांनी मराठीत का ऐकू नये? आणि जुन्या इंग्रजी मालिकेत निवेदन आणि सगळ्या पात्रांचे आवाज एकाच माणसाचे आहेत, जॉन आल्डर्टन या नटाचे. सॅम तोच, साहेब तोच, दुकानदारीणबाई तोच. एका माणसाला जमलं तर एका आजीलाही जमतं. तुम्हालाही जमेल.

त्यासाठी आदल्या रात्री भाग एकदा आवाजासह पाहून घ्या. जुना भाग जेमतेम दहा मिनिटांचा असतो. कोण कोण येतं, घोटाळा कुठे होतो, सॅम काय करतो, एवढं डोक्यात ठेवा. शब्दशः भाषांतर करू नका. स्टेशन ऑफिसर स्टील आमच्याकडे ‘स्टील साहेब’ झाले, ताठ उभे राहून हुकूम सोडतात. एल्विस हा स्वयंपाक बिघडवणारा भाऊ. गाडीचं नाव ज्युपिटर, म्हणजे आपला गुरू ग्रह, म्हणून मुलं तिला ‘गुरूची गाडी’ म्हणतात. खोड्या काढणारा नॉर्मन ‘नॉर्मन्या’ झाला, हे नाव मी दिलेलं नाही. त्याची आई डिलिस, तिचं दुकान. तिला मी आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकूंच्या सुरात बोलते, आणि काकूंना ते माहीत आहे. एकदा मुद्दाम ऐकायला आल्या होत्या.

मुलं मध्ये बोलतील. बोलू द्या. ‘थो काय करून रायला?’ असं कोणी विचारलं की चित्र थांबवायचं आणि बाकीच्यांना उत्तर देऊ द्यायचं.

कुठे थांबवायचं

रिमोट मांडीवर ठेवा. एका भागात मी तीनदा थांबते. पहिल्यांदा, घोटाळा व्हायच्या आधी: ‘आता काय होईल?’ दुसऱ्यांदा, आग किंवा धूर दिसला की: ‘आपण असतो तर?’ या वेळी पडद्याकडे पाहायचं नाही, उठून करून दाखवायचं. तिसऱ्यांदा, शेवटी.

दुसरं थांबणं मी आधी करत नव्हते आणि त्यानं घोटाळा झाला. चार वर्षांचा एक पोरगा दोन महिने नेमानं येत होता. एके दिवशी त्याची आई माझ्याकडे आली, डोळे भरलेले. देवघरातली माचिस त्यानं चड्डीच्या खिशात लपवली होती. मी त्याला जवळ घेऊन विचारलं. तो म्हणाला, ‘आजी, आग लागली तं गाडी येते ना. मी माचिस जाळतो, मंग गुरूची गाडी येईन.’ त्याचं चुकलं नव्हतं. दोन महिने मी त्याला हेच दाखवलं होतं: आग लागते, लाल गाडी येते, सगळे हसतात.

मालिकेत गाडी लगेच येते आणि कोणाला फार लागत नाही. लहान मुलांसाठी ते तसंच हवं. पण बाकीचं आपण भरायचं. तेव्हापासून मी गाडी निघाली की चित्र थांबवते आणि मुलांना पन्नासपर्यंत मोजायला लावते. ‘पाहा, अजून गाडी यायची आहे. संध्याकाळी महालातून निघालात तर गांधीबागेत किती गर्दी असते? तोवर आपण कुठे असायचं?’ सगळी ओरडतात: ‘बाहेर!’ बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हेही ठरवून ठेवा. आमचं ठिकाण आहे वाड्यासमोरचा कडुनिंब. एकदा बाहेर पडलं की खेळणं, मांजर, चप्पल, कशासाठीही परत आत जायचं नाही.

आणि माचिस सापडली तर लपवायची नाही, हातही लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. त्या पोराला मी हेच काम दिलं. ‘आजी, माचिस!’ असं ओरडणारा तो आता वाड्यातला पहारेकरी आहे.

लपण्याचंही असंच आहे. घाबरलेलं लहान मूल आगीत पळत नाही, लपतं. दिवाणाखाली, गाद्यांमागे, मोरीत. त्यातच अग्निशामक दारातून येतो तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क असतो, पाठीवर हवेचं सिलिंडर, आणि श्वासाचा घरघर आवाज येतो. सॅमचा चेहरा मात्र बहुतेक वेळ उघडा आणि हसरा. म्हणून आम्ही एक खेळ खेळतो. शेजारचे काका हेल्मेट घालतात, रंगकामाचा मास्क लावतात, तोंडानं घरघर करत ओसरीवर गुडघ्यांवर येतात. मुलांनी लपायचं नाही, ‘मी इथे आहे!’ असं ओरडायचं. पहिल्या वेळी दोघी रडल्या. काकांनी मास्क त्यांच्यासमोर हळूहळू चढवला, मग त्यांच्या हातात दिला. चौथ्या रविवारी त्याच दोघी काकांच्या अंगावर धावून गेल्या. मास्क नेहमी मुलांसमोरच चढवा, दाराआडून चढवून येऊ नका.

धुरात रांगत जायचं, कारण धूर वर चढतो आणि खाली श्वास घेता येतो. चादर दोन मोठ्या माणसांनी ताणून धरायची, मुलांनी तिच्याखालून दारापर्यंत जायचं. कपड्यांनी पेट घेतला तर थांबायचं, आडवं व्हायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. इथे मुलं हमखास गोंधळतात: धूर दिसला की लोळायला लागतात. ‘आग अंगावर असेल तरच लोळायचं’ हे दर वेळी म्हणून घ्या.

गॅसचं वेगळं शिकवा. सॅमच्या गावात आपल्यासारखा १४.२ किलोचा लाल सिलिंडर ओट्याखाली नसतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून वास आला तर रांगायचं नाही, उभ्यानं चालत बाहेर जायचं. बटण दाबायचं नाही, दिवा लावायचा नाही, बाहेरून हाक मारायची. रेग्युलेटर बंद करणं, खिडक्या उघडणं मोठ्यांनी करायचं. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे.

मालिकेत तिकडची माणसं ९९९ लावतात. मराठीत सांगताना तिथे १०१ म्हणा, किंवा ११२. रुग्णवाहिका १०८. बंद पडलेला जुना मोबाइल द्या, खऱ्या फोनवरून सराव नको. मुलानं तीन गोष्टी सांगायच्या: काय झालं, घर कुठे, जवळची खूण कोणती. घरचा पत्ता मी ‘ये रे ये रे’च्या चालीत बसवून दिला आहे, प्रत्येकाचा वेगळा.

मालिकेत नसलेले आमचे भाग

वेल्समध्ये पाऊस आणि गारठा. इथे एप्रिलपासून घरोघरी कूलर. लोखंडी टाकी, आत पाणी, पाण्यात पंप आणि त्याची वायर. सॅमच्या एकाही भागात मी कूलर पाहिला नाही, म्हणून नॉर्मन्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला मामाकडे आला, असा भाग मी रचला. चित्र नाही, नुसती गोष्ट. नॉर्मन्या ओल्या पायांनी कूलरकडे जातो. मुलं किंचाळतात. चालू कूलरला हात लावायचा नाही, पाणी मोठ्यांनीच भरायचं आणि आधी प्लग काढूनच. मोठ्यांसाठी: अर्थिंग मार्च संपायच्या आत तपासून घ्या. कूलरच्या मागच्या सीझनच्या वाळलेल्या गवती ताट्या कोपऱ्यात रचून ठेवू नका, एक ठिणगी पुरते.

दुसरा भाग भाजण्याचा. भाजलं की वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फही नाही. मुलांना मी ‘पाणी, पाणी, पाणी’ एवढंच शिकवलं. पण मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चटका देणारं येतं. म्हणून त्या दिवसांत आधी माठ, मग नळ. सावलीत एक भरलेली बादली झाकून ठेवा. तांब्यानं हळूहळू ओतत राहिलं तरी चालतं. (उघडी बादली लहान मुलाजवळ ठेवू नका, तोही धोकाच.)

गेल्या मेमध्ये समोरच्या घरी दोन वर्षांच्या पोरीच्या मांडीवर चहा सांडला. आई घाबरून हळदीच्या डब्याकडे धावली. पाच वर्षांचा भाऊ माठाकडे गेला आणि तांब्या घेऊन आला, अर्धा वाटेतच सांडला. ‘आई, हळद नाही, पाणी!’ आईनं मग माठ रिकामा होईपर्यंत ओतलं, बादलीही आणली. डॉक्टरांकडे नेलं. आता मांडीवर फिकट डाग आहे, तेवढाच. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी ओसरीवरच बसून रडले.

केंद्रावर घेऊन जा

सहा-सात भाग झाले की खरी गाडी दाखवा. आपण नागपूरकर यात नशीबवान आहोत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथेच आहे, सिव्हिल लाइन्समध्ये. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि दुसऱ्या वर्षी नागपुरात आलं. देशभरातले अग्निशमन अधिकारी शिकायला इथे येतात. तिथून जाताना मी मुलांना सांगते, ‘देशातले स्टील साहेब इथे शिकतात.’ लहान मुलांना नेण्यासाठी मात्र महापालिकेचं जवळचं केंद्र बरं. महालातून आम्हाला गांजीपेठ जवळ पडतं.

वेळ म्हणाल तर एप्रिल. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले. हे लहानांना सांगायचं नाही, सोबतच्या पालकांना सांगायचं. १४ ते २० एप्रिल हा सप्ताह असतो. आपल्याकडे १४ ला आंबेडकर जयंती, दीक्षाभूमीकडचे आणि संविधान चौकाकडचे रस्ते भरलेले, आणि बंदोबस्तामुळे दलाचीही धावपळ. त्या दिवशी जाऊ नका, नंतरचा एखादा दिवस मागा. आधी स्वतः जाऊन अर्ज द्या: मुलं किती, वय काय, वेळ कोणती. सकाळी आठला जा, दहानंतर ऊन सोसत नाही. दहा-बारापेक्षा जास्त मुलं नेऊ नका आणि दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. मध्येच कॉल आला तर मुलांना भिंतीला चिकटून उभं राहायचं, हे घरीच शिकवून न्या. तिथल्या जवानांना तीन विनंत्या करा: मास्क मुलांसमोर चढवून दाखवा, नळीचं वजन मुलांना उचलू द्या, आणि सायरन आधी सांगून वाजवा. अचानक वाजला तर पुढचं काहीच त्यांच्या कानात जात नाही.

परतल्यावर त्या रविवारी भाग लावायचा नाही. कागद आणि रंगीत खडू द्या. आम्ही पहिल्यांदा जाऊन आलो तेव्हा माचिसवाल्या पोरानं लाल गाडी काढली, आणि गाडीच्या बाजूला कडुनिंब, त्याच्याखाली ओळीत उभी सगळी पोट्टी. मी मोजली. आम्ही अकरा होतो, त्यानं अकराच काढली होती.